करंगळीचा बर्फ

माझ्या डाव्या हाताची करंगळी आज मुठीत वळते. पूर्ण नाही. टोक आणि तळवा यांच्यात चार मिलिमीटरची फट राहते. हे मी अंदाजाने सांगत नाही, व्हर्नियरने मोजून सांगतो. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सव्वीस वर्षं सरफेस ग्राइंडरवर उभा राहिलेला माणूस अंदाजाने काही सांगत नाही. ही करंगळी वळली ती सर्जनच्या टाक्यांनी, फिजिओथेरपीच्या मॅडमच्या चिकाटीने आणि माझ्या बायकोने मला शिकवलेल्या कॉम्प्युटरवरच्या एका खेळाने. पहिल्या दोघांना मी पेढे नेऊन दिले. तिसरीचे आभार मानायचे राहिलेत, म्हणून लिहायला बसलो.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा. त्या श्रावणात आमचं बेसिन गळायला लागलं. बायको म्हणाली, प्लंबरला बोलवा. मी मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस, मी एक नट आवळायला प्लंबर बोलावू? खाली वाकून पाना लावला. नट गंजलेला. पाना दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बोटं सोलली, तेव्हा मी त्या नटाला पान्याचा असा दणका दिला की बेसिनच फुटलं. चिनी मातीची एक धारदार कपची माझ्या डाव्या तळहातात घुसली आणि करंगळी आणि अनामिका वळवणाऱ्या दोन्ही शिरा, ज्यांना डॉक्टर टेंडन म्हणतात, तुटल्या. बायको रिक्षात माझा हात टॉवेलमध्ये धरून बसली होती. प्लंबरचं नावसुद्धा तिने काढलं नाही. तेव्हा ते मला फार लागलं होतं.

हात शिवला, सहा आठवडे पट्टीत राहिला. पट्टी निघाली तेव्हा तीन बोटं ठीक होती, म्हणजे अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. बाकीची दोन दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी ताठ उभी. आता कुणी म्हणेल, डावा हात, त्यातली शेवटची दोन बोटं, त्यात काय एवढं. पण आमच्या मशीनचं काम असं असतं: लोखंडाचा तुकडा चुंबकाच्या टेबलावर ठेवायचा, चुंबक चालू केलं की तो घट्ट चिकटतो, मग टेबल फिरत्या दगडाखालून पुढेमागे न्यायचं. ते टेबल नेणारं चक्र डाव्या हाताने फिरवायचं असतं, दिवसभर. आणि मूठ धरून ठेवतात ती हीच शेवटची दोन बोटं. वरची दोन नुसती दिशा दाखवतात. हे मला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं, बोटं गेल्यावर कळलं.

कारखान्यात हात दाखवायला गेलो. आमचे साहेब दिंडोरीकडचे, मोकळे आहेत, पण कामात कुणाची गय करत नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"तीन महिन्यानं ये," ते म्हणाले. "मशीनवर उभा राहा, एक जॉब करून दाखव. जमलं तर मशीन तुझंच हाय. नाय जमलं तर स्टोअरला बसावं लागंल. राग मानू नको."

स्टोअरला म्हणजे खिडकीमागे बसून पोरांना बोल्ट आणि हातमोजे द्यायचे. पगार तोच राहिला असता. पण माझ्या मशीनवर दुसरं कुणी उभं राहिलं असतं आणि मी खिडकीतून ते बघत बसलो असतो. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं मी त्या रात्री बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "आधी बोट वळवा, मग घरी बसा."

फिजिओच्या मॅडमनी स्पंजचा चेंडू दिला. दिवसातून पाच वेळा, वीस वीस वेळा दाबायचा. पहिले चार दिवस दाबला. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी तो गॅलरीतून खाली भिरकावला. कॉलनीतल्या एका कुत्र्याने तो पळवला. त्याने तो माझ्यापेक्षा जास्त दाबला असणार. पुढच्या खेपेला मॅडमनी फूटपट्टीने मोजलं. करंगळीचं टोक तळव्यापासून चौतीस मिलिमीटर लांब होतं. आधीही चौतीसच होतं.

"नुसता व्यायाम जमत नसेल तर हाताला काहीतरी काम द्या," मॅडम म्हणाल्या. "हलकं, पण सारखं. रोज दीड तास. टायपिंग वगैरे."

"मी काय टाइप करू?" मी म्हणालो. बायको शेजारी बसली होती. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "काम आहे माझ्याकडे."

इथे मला मागची एक गोष्ट सांगायला हवी आणि ती सांगताना लाज वाटते. आमचा मुलगा बारावीत असताना कॉम्प्युटरवर हा खेळ खेळायचा. मी एका दुपारी सेकंड शिफ्टला निघताना त्याला खेळताना पाहिलं, कानातला हेडफोन ओढून काढला आणि भिंतीवर आपटला. वायर उपटली, माउस कपाटात कुलूपबंद केला. "खेळून कुणाचं पोट भरलंय?" हे माझे शब्द. तो इंजिनिअर झाला, बंगळुरूला नोकरीला लागला आणि माझ्याशी बोलणं कमी झालं ते झालंच. भांडण नव्हतं. फोनवर "जेवलास का", "हो", "थंडी आहे का", "नाही", आणि मग आईकडे फोन. आईकडेही दोन मिनिटंच.

पण बायकोने एक वाट शोधून काढली होती. मुलाचा जुना कॉम्प्युटर घरीच होता. तिने त्याच्याकडून फोनवरून तो खेळ शिकून घेतला. त्या खेळात एक मोठं जग आहे. डोंगर, जंगलं, गावं, लांडगे, राक्षस. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून त्यात एकाच वेळी फिरतात आणि हेडफोनवरून एकमेकांशी बोलतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. जनावरं मारली, सांगितलेली कामं केली की पात्र एकेक पायरी चढतं, त्याला लेव्हल म्हणतात. शेवटची पायरी साठ. बायको हीलर होती, म्हणजे लढणाऱ्यांच्या जखमा बऱ्या करणारी, आणि साठाव्या पायरीवर पोचलेली. रोज संध्याकाळी ब्लाउजांचं शिवणकाम आवरलं की ती आणि मुलगा त्या जगात बरोबर हिंडायचे आणि तिथे तो बोलायचा. मेथी निवडताना बायका कशा बोलतात, हात कामात आणि तोंड मोकळं, तसा. साहेब कसा आहे, खोलीवाला काय म्हणतो, डब्यात काय होतं. मला हे माहीत होतं. मी पेपर वाचत असल्याचं सोंग घेऊन ऐकायचो आणि वर तिलाच टोमणे मारायचो की या वयात काय हे खेळ.

तर त्या बाईने मला त्या खुर्चीत बसवलं.

"एक अट," मी म्हणालो. "त्याला सांगायचं नाही. बाप खेळतोय हे कळलं तर माझं हसं होईल."

"नाही सांगणार," ती म्हणाली. "बसा."

तिने माझ्यासाठी बर्फाचा जादूगार निवडला. मी विचारलं, तलवारवाला का नाही? म्हणाली, "तुमच्या हाताला वेग नाही. तेव्हा समोरच्यालाच हळू करणारा घ्यायचा." मग जरा थांबून, "आणि डोकं पण तापतं तुमचं." चालणं-वळणं उजव्या हाताने माउसवर. डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर. करंगळी एक आकड्यावर: बर्फाचा बाण, जो लागला की लांडगा पाय ओढत चालतो. अनामिका दोनवर: आपल्याभोवती बर्फाचं रिंगण, त्यात आलेलं सगळं जागीच थिजतं. मधलं बोट तीनवर: उडी मारून लांब जायचं. तर्जनी चारवर: गारांचा पाऊस. आणि क्यू या अक्षरावर, पुन्हा करंगळीनेच, पाणी. जादूगाराची ताकद बाण मारून संपते, ती पाणी प्यायल्यावर भरते आणि ते पाणी तो स्वतःच जादूने तयार करतो. इतरांनाही देऊ शकतो.

त्यावरून आमचं पहिल्याच आठवड्यात वाजलं. मी एका कोल्ह्यामागे असताना एक अनोळखी पात्र माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. बायको मागून म्हणाली, "हीलर आहे, पाणी मागतोय. द्या."

"माझा वेळ जातो."

"दारात आलेल्याला आधी पाणी विचारायचं. घरात शिकवलंय ना तुम्हाला?"

दिलं. त्या अनोळखी माणसाने वाकून नमस्कार केला, शेजारी बसून पाणी प्याला आणि निघून गेला. मला उगीच बरं वाटलं, पण मी तसं बोललो नाही.

ती आठवडाभर माझ्या शेजारी बसली. "आले आमचे गोळेवाले," म्हणून चिडवायची. मी एक बाण मारायचो, लांडगा लंगडत यायचा, मी मागे पळायचो, पुन्हा बाण. एकेक लांडगा, मग बसून पाणी, मग दुसरा लांडगा. आठवड्यात आठ पायऱ्या. मग एका संध्याकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीनवर आम्ही कधी एकेक तुकडा घासतो का? वीस तुकडे टेबलावर मांडायचे, चुंबक चालू, एका फेरीत वीस. आणि बर्फाचं रिंगण म्हणजे दुसरं काय, चुंबकच की! मी रानडुकरांच्या कळपात शिरलो, आठ डुकरं मागे लावून घेतली, सगळी जवळ आली तशी त्यांना थिजवलं, उडी मारून लांब झालो आणि वरून गारा पाडल्या. एका फेरीत आठ. मी खुर्चीतून ओरडलो. बायको लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं पुन्हा हात कापला.

त्यानंतर मला वेड लागलं. कुठल्या डोंगरावर कुठली जनावरं दाट आहेत, आपल्यापेक्षा दोन पायऱ्या खालची कुठे मिळतात, कुठली तीन कामं एकाच वाटेवर येतात, याचे कागद मी काढले. पाणी प्यायला बसायचं ते आठ डुकरांनंतर एकदा. वाया जाणारी हालचाल म्हणून एक ठेवली नाही. टूलरूमचं डोकं सगळं तिथे लावलं. बायकोला आता शेजारी बसायची गरज राहिली नाही. ती शिवणाकडे वळली आणि दसऱ्यापर्यंत माझा जादूगार अडतिसाव्या पायरीवर पोचला. ती कौतुकाने सगळ्या शेजारणींना सांगत होती की यांचा हात फार सुधारतोय.

दसऱ्याला आमच्या कारखान्यात मशीन धुऊनपुसून हार घालतात. त्या वर्षी मी घरी, म्हणून बायकोने घरीच पाट मांडला. माझा व्हर्नियर, मायक्रोमीटर, तिची कात्री आणि शेवटी म्हणाली, "यानेच तर बोट सुधारतंय," आणि कीबोर्ड उचलून आणला. पाटावर ठेवण्याआधी पुसायला घेतला आणि फडकं हातात तसंच राहिलं.

एक, दोन आणि क्यूवर धूळ होती. आर, टी आणि एफ तुपात बुडवल्यासारखी चकचकत होती.

मी काय केलं होतं ते तिला लगेच कळलं. करंगळीने बाण मारायला वेळ लागायचा. चार वेळा दाबलं की ती थकायची. मग एका संध्याकाळी मी सेटिंग बदलली. बाण आरवर, रिंगण टीवर, पाणी एफवर. सगळं चांगल्या दोन बोटांवर. मशीनवर जी बाजू अडवते ती बाजूला करून जी चालते तिच्यावर काम घ्यायचं, हा आमचा धंद्याचा धर्म. लेव्हल धडाधड वाढल्या. करंगळी आणि अनामिका महिनाभर हवेत उभ्या राहून तमाशा बघत होत्या.

बायको सटाण्याकडची. एरवी आपल्यासारखंच बोलते, फार चिडली की माहेरची अहिराणी बाहेर येते. "काय करी ऱ्हायनात हे?" एवढंच म्हणाली. मग व्हर्नियर माझ्या हातात दिला. "मोजा."

मी मोजलं. तेहतीस.

एका महिन्यात एक मिलिमीटर. अडतीस लेव्हल आणि एक मिलिमीटर. मी तोंड उघडलं, काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होतो, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी मला त्या पाण्यापुढे बोलता येत नाही.

तिने डोळे पुसले, पूजा केली. व्हर्नियरला हळदकुंकू, कात्रीला हळदकुंकू. कीबोर्डवर एक आणि क्यू या दोनच बटणांवर बोटाने कुंकू टेकवलं. आपट्याची पानं ठेवली. मग म्हणाली, "नवा जादूगार काढा. पहिल्या लेव्हलपासून."

"अगं, अडतीस—"

"अडतिसाव्या लेव्हलची जनावरं तुमच्या करंगळीसाठी थांबणार नाहीत. पहिलीतली थांबतील. साहेबांकडे जायच्या आत साठ गाठा, याच बोटाने. उठताना मी बोट बघणार."

आणि तिने खरोखर बघितलं. रोज संध्याकाळी मी बसायच्या आधी ती एक आणि क्यूवर चिमूटभर कुंकू लावायची. दीड तासाने येऊन माझा हात उलटा करायची. करंगळीचं टोक लाल असेल तर चहा. तर्जनी लाल असेल तर नुसती बघायची. आमच्याकडे दोन पृष्ठभाग एकमेकांना नीट बसतात का हे पाहायला एकावर निळा रंग लावतात. दुसऱ्यावर जिथे उमटेल तिथेच खरा टेका. तिने कधी टूलरूम बघितली नाही आणि तिने घरात बसून तीच पद्धत काढली. हे मी तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "तुमच्यात रंग निळा असेल. आमच्यात लाल."

ते दोन महिने मी जेवढा मेलो तेवढा कुणी मेला नसेल. ससा मारायचा. कोंबडी मारायची. करंगळी बटणावर ठेवायची, मनात म्हणायचं दाब, आणि ती विचार करून दाबायची. एक बाण जायचा तोवर लांडगा माझा पाय खात असायचा. कार्तिकात नाशिकची थंडी सुरू झाली, सकाळी बोटं लाकडासारखी व्हायची आणि बर्फाचा जादूगार कोमट पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसायचा. एकदा मी रागाने कीबोर्ड उचललासुद्धा. बायको दारात उभी होती. "आपटा," ती म्हणाली. "भिंतीला सवय आहे." मी ठेवला खाली.

पण शहाणपण वाया गेलं नाही. कागद होतेच. कुठे दाट कळप, कुठे दोन पायऱ्या खालची जनावरं. वाया जाणारी हालचाल काढून टाकायची ती आता चालण्यातली, वाट चुकण्यातली, बोटाची नाही. उलट बोटाचं एकही दाबणं वाया जाऊ नये म्हणून बाकीचं सगळं आखलं. आठ डुकरं जमेनात, मग तीन. मग पाच. आणि पाणी मागायला येणाऱ्या प्रत्येकाला पाणी, कारण तेही करंगळीनेच. मी तर वाटेत बसून राहायचो, येणाऱ्याजाणाऱ्याला देत. त्या जगात मी पाणपोईवाला म्हणून ओळखला जाऊ लागलो असणार. दर रविवारी व्हर्नियर. एकोणतीस. चोवीस. दोन आठवडे चोवीसच, आणि मग एकदम एकोणीस.

संध्याकाळचा दीड तास माझा झाला होता. रविवार सकाळही, कारण बायको म्हणायची बोटाला सुट्टी नाही. मी कधीतरी ऐकायचो, ती स्वयंपाकघरात फोनवर मुलाला सांगत असायची, "नाही रे, कंबर दुखते, बसवत नाही खुर्चीत." तिची कंबर काही दुखत नव्हती. मी ते ऐकायचो आणि पुन्हा डुकरांकडे वळायचो.

डिसेंबरात ठरलेल्या दिवसाच्या तीन दिवस आधी माझा जादूगार साठाव्या पायरीवर चढला. पडद्यावर सोनेरी उजेड पडला. एक आकडा बटणावरून कधीच पुसला गेला होता, त्या जागी फिकट लाल डाग होता. बायकोने हात उलटा केला, करंगळी पाहिली आणि व्हर्नियर आणला. अकरा.

मशीनवर उभा राहिलो त्या सकाळी साहेबांनी एक ब्लॉक दिला आणि मागे हात बांधून उभे राहिले. मी तो टेबलावर ठेवला, चुंबक चालू केलं. तो थिजला. चक्र डाव्या मुठीत घेतलं. अकरा मिलिमीटरच्या फटीत चक्राची मूठ नेमकी बसली. पुढे, मागे, पुढे, मागे. टेबल टोकाला जाऊन वळताना जो झटका बसतो त्याची मला भीती होती. करंगळीने धरून ठेवलं. तासाभराने साहेबांनी ब्लॉक मोजला, पुन्हा मोजला.

"लय दिवस झाले रे चांगला जॉब बघून," ते म्हणाले. "सोमवारी फर्स्ट शिफ्टला ये."

घरी आलो तर बायको शिवणावर होती. सांगितलं. तिने पाय मशीनवरून काढला आणि पदर तोंडाला लावून रडली. मग उठून म्हणाली, "प्लंबरला बोलवा आता. बेसिन अजून तसंच आहे."

त्या रविवारी सकाळी मी तिला म्हणालो, आज तू बस. ती साडी सावरून बसली. आपली हीलर उघडली. ती तीन महिन्यांपूर्वी सोडली तिथेच, एका धर्मशाळेच्या दाराशी उभी होती. त्या जगात टपाल असतं. एकमेकांना वस्तू पाठवता येतात, महिनाभर कुणी उघडलं नाही तर पाठवणाऱ्याकडे परत जातं. तिच्या पेटीत चार पुडकी होती. मुलाने पाठवलेली. तिने अजून एकही उघडलं नव्हतं तेवढ्यात हेडफोनमधून काहीतरी आवाज आला. तिने हेडफोनची वायर काढली. आवाज खोलीत आला.

"आई? आलीस? कंबर बरी आहे का?"

"बरी आहे रे."

"मी झगा पाठवला होता तुला. परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला." तो म्हणाला. "मला वाटलं, कंटाळलीस. माझ्यासाठी म्हणून खेळत होतीस, ते संपलं असेल."

"नाही रे बाळा," एवढंच ती म्हणाली. पुढे काय सांगणार? माझी अट होती. तीन महिने तिने ती पाळली होती. आपली ती एक वाट, जिथे तिचा मुलगा तिच्याशी बोलायचा, ती तिने माझ्या करंगळीला देऊन टाकली होती, वर कंबरेचं खोटं बोलली होती आणि मला त्याची जाणीवही होऊ दिली नव्हती. मी पेपर खाली ठेवला. आयुष्यात इतका कृतज्ञ आणि इतका शरमिंदा मी एकाच वेळी कधी झालो नव्हतो.

"कंबर नव्हती दुखत तिची," मी म्हणालो. माझा आवाज मोठा आहे, पडद्यावरच्या माइकपर्यंत पोचला. "तिच्या खुर्चीत मी बसलो होतो."

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो.

"हातासाठी," मी म्हणालो. "आईने शिकवलं. तुला सांगू नको म्हणून मीच दम दिला होता. तुझा हेडफोन मी फोडला होता ना, म्हणून."

मग तो म्हणाला, "कोण घेतलाय, बाबा?"

"बर्फाचा जादूगार."

"लेव्हल?"

"साठ."

"साठ?" तो ओरडला. "तीन महिन्यांत? मला वर्ष लागलं होतं!"

"करंगळीने," बायको म्हणाली. "सगळं करंगळीने."

तो हसायला लागला. कित्येक वर्षांत मी त्याचं असं हसणं ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "मग इकडे या ना. लांबून चालत आलोय. पाणी द्या, बाबा."

बायको उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. तिने आपली हीलर बंद करून माझा जादूगार उघडला आणि उजव्या हाताने माउस धरून त्याला मुलाच्या पात्रासमोर नेऊन उभा केला. मी खुर्चीमागून वाकलो, डावा हात कीबोर्डवर टेकवला. करंगळी क्यूवर नेली आणि दाबली. पोरगं खाली बसलं आणि पाणी प्यालं.